थोटकांची पिशवी

बुधवारी साडेतीनला, पहिली पाळी सुटली की
सातपूरच्या कामगार दवाखान्यामागे
माझं टेबल लागतं.
पुठ्ठ्याच्या नळ्या, लाळेच्या कुप्या, एक मीटर,
आणि झिपवाल्या पिशव्या :
माणसं त्यांत आठवड्याभराची थोटकं
जपून आणतात, वर नाव नाही, नुसता क्रमांक.

प्रयोगशाळेत सिगारेट यंत्र ओढतं.
मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा,
पस्तीस मिलिलिटर, ना कमी ना जास्त.
यंत्राला फोरमन नसतो.
यंत्राची पोरगी बारावीला बसलेली नसते.

माणूस कसा ओढतो ते थोटकालाच विचारावं लागतं.
फिल्टर चिरायचा, मेथॅनॉलमध्ये बुडवायचा,
अर्धा तास हलवत ठेवायचा,
मग तो कबूल होतो :
निकोटिन इतकं, म्हणजे डांबर साधारण इतकं,
म्हणजे बेन्झीन, ॲक्रोलीन,
आत गेलेल्यांची नावं, अंदाजाने.
कुणी फिल्टरची बारीक भोकं बोटांनी दाबून धरतं,
'लाइट' म्हणून घेतलेली जड करून ओढतं.
तेही कळतं.
डाग मधोमध टिकलीएवढा असतो
की कडेपर्यंत पसरलेला, त्यावरून.

क्रमांक एकतीस. दौलत खैरनार, प्रेस शॉप, बावीस वर्षं.
डावीकडे दोन दातांचे ठसे, फिल्टर चपटा,
डाग कडेपर्यंत.
पहिल्या बुधवारी फुंकले, मीटर सत्तावीस म्हणालं.
दुसऱ्या बुधवारी चोवीस.
"वाढलं का घटलं?" असं विचारायचे,
जणू तिसऱ्याच कुणाची शुगर.
मी सांगायचे, मग खोकल्याचं विचारायचे,
कारण खोकला फॉर्मवर होता.

जानेवारीत पारा सहावर आला.
रांगेतला जो तो तोंडातून वाफ सोडत होता,
शेजारच्या शाळेतली पोरंसुद्धा,
दोन बोटं ओठांना लावून, ऐटीत.
खैरनार फुंकले. दोन.
वाटलं, बॅटरी गेली.
नळी बदलून मी फुंकून पाहिलं.
दोन.

पिशवी मात्र भरलेली. एकवीस थोटकं.
पांढऱ्या ट्रेमध्ये चिमट्याने पसरली.
एकावर कात, एकावर लिपस्टिकची कड,
चार भलत्याच कंपनीची,
एक पायाखाली चिरडलेलं, मुरूम चिकटलेला.
डाव्या दातांचा ठसा एकावरही नाही.

"सोडली," म्हणाले. "सतरा दिवस झाले."
मग ही?
"चौकातल्या टपरीखालची. पोऱ्या झाडायच्या आत उचलतो."
पण कशाला?
त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.
"तुम्हीच म्हणालात, बुधवारी यायचं.
रिकाम्या हाताने कसं येणार?"

अभ्यास फक्त ओढणाऱ्यांचा आहे.
'वगळण्याचं कारण' याखाली तीन चौकोन :
गाव सोडलं. सहकार्य नाही. मृत्यू.
मृत्यूच्या शेजारी थोडी जागा होती,
तिथे बारीक अक्षरात लिहिलं : सिगारेट सोडली.
कॉम्प्युटर ते घेईना.
केंगे मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यावर टिक कर आणि चल पुढे,
अजून साठ जण बाकी आहेत.
केली.

पुढच्या बुधवारी आले. हात खिशात.
रांगेत नाही, पाण्याच्या टाकीला टेकून उभे,
शेवटचा माणूस जाईपर्यंत.
मी पेटी पुन्हा उघडली, नळी लावली.
श्वास घ्या. पंधरा मोजा.
आता सोडा, हळू, सगळा.
एक.
"वाढलं का घटलं?"

महिनाअखेरीस नळ्या मोजल्या, तीन कमी भरल्या.
वहीत लिहिलं : ओल्या झाल्या.