हात बाहेर

पन्नासच्या पुढं काटा गेला की
स्टिअरिंग माझं ऐकत नाही,
जुवाखालच्या बैलासारखं मान हलवून
नाही-नाही म्हणत राहतं.
मग मी पंचेचाळीसवर येते.
अंबाजोगाई ते लातूर, नवा रुंद रस्ता,
आणि पंचेचाळीस.
मागच्याला वाटतं बाईला गाडी येत नाही.
पुढं निघताना तो काच खाली करतो,
आधी मला बघतो, मग हिला,
आणि मोबाईल काढतो.

अठ्ठावन्न सालची फियाट.
डुक्कर म्हणायचे हिला, नाकावरून.
पुढची दारं उलटी उघडतात, वाऱ्याच्या तोंडाला,
म्हणून डावीकडची कडी सुतळीनं बांधलेली.
डॉक्टर कातनेश्वरकरांनी विकताना एवढंच सांगितलं,
'ब्रेक दाबू नका. ब्रेकचा विचार करा.'

तर मी विचार करते.
पुढच्या ट्रकचा लाल दिवा लागायच्या आधी,
रेणापूर फाट्यावरची म्हैस उठायच्या आधी.
चार गाड्यांची जागा मोकळी सोडते.
ती माझी जागा, म्हाताऱ्या ड्रमांची, झिजल्या लायनरची,
आणि तिच्यात एक बोलेरो येऊन बसते.
मी मागं सरते, पुन्हा जागा सोडते.
पुन्हा कुणीतरी येतं.
असं मागं मागं जात
मी लातूरला पोचते.

पेट्रोलसुद्धा ते राहिलं नाही.
आता त्यात आपलाच ऊस असतो,
दोन्ही बाजूंना उभा आहे तोच,
आणि तो नळ्यांचं रबर कुरतडतो.
एप्रिलच्या दुपारी पंप तापला
की आत पेट्रोलची वाफ होते,
ही दोन उचक्या देते अन् गप्प.
ओलं फडकं पंपावर टाकून
मी बाभळीखाली नववीच्या वह्या तपासते.
सात वह्या झाल्या की सुरू होते.
ऊन फार असलं तर अकरा.

रेल्वेनं लातूरला पाणी आलं
त्या वर्षी हिला बाहेर काढलीच नाही.
दोन कळशा पिणारी वस्तू
घागरींच्या रांगेसमोरून कशी नेणार?
चार महिने ताडपत्रीखाली राहिली.
चिमण्यांनी हवेच्या फिल्टरात काड्या आणून टाकल्या.
खाजामियाँ मिस्त्रींनी एकेक काडी उपसली,
वर माझ्याकडं न बघता म्हणाले,
'अंडे नै थे, मॅडम.'

इंडिकेटर आहेत. उन्हात दिसत नाहीत.
म्हणून हात.
उजवीकडं वळायचं तर सरळ बाहेर,
डावीकडं तर हवेत गोल,
थांबायचं तर वर,
हळू व्हा म्हणायचं तर वरखाली, वरखाली,
पोळी थापल्यासारखं नाही, जरा सावकाश.
लायसनसाठी पाठ केलं होतं हे सगळं.
आता पोरांना वाटतं मी त्यांना पुढं जा म्हणते.
परवाच्या बसमधून एकीनं उलट हात हलवला,
ओळखीची समजून.

आणि काल, बर्दापूरच्या अलीकडं,
पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन रिकाम्या ट्रॉल्या,
ना दिवा ना लाल चिंधी.
सीटवरच्या म्हाताऱ्यानं मागं न बघता
हात बाहेर काढला.
उजवा. सरळ. कोपरात थोडा वाकलेला, वयानं असेल.
मी थांबायला लागले वेळेवर,
म्हणजे फारच आधी,
आणि माझा हात आपोआप बाहेर गेला,
वरखाली, वरखाली,
माझ्या मागच्यासाठी.
मागच्यानं हॉर्न धरून ठेवला.

ट्रॅक्टर वावरात उतरला.
एक ट्रॉली. दुसरी. धुरळा.
म्हाताऱ्यानं हात आत घेतला.
त्यानं मला पाहिलं नसणार,
ट्रॅक्टरला आरसाच नव्हता.
तरी मी उगीच
दोनदा भोंगा वाजवला. तो रबरी फुग्याचा,
बदकासारखा ओरडतो.

आज फळ्यावर आकृती काढताना
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
'मॅडम, तुमचा एकच हात इतका काळा कसा?'
बोलून बोलून, म्हणाले.
हसल्या.
मग घर्षणाचा धडा काढायला सांगितला.