डोकं आणि उरलेलं

ईसाफ्योर्दुरला सूर्य नोव्हेंबरात डोंगरामागे जातो
आणि जानेवारी सरता सरता परततो.
मधल्या दिवसांत कुणी स्वेटर विणतं, कुणी जुनं भांडण उकरतं.
त्या वर्षी स्वेनब्योर्गनं संगणक घेतला.
हिरवी अक्षरं, आणि पंखा असा
की मांजर दोन दिवस पलंगाखालून निघालं नाही.

काम एकच. वडलांच्या वहीत नऊशे माणसं होती.
प्रत्येक नावाच्या पोटात बापाचं नाव,
त्याच्या पोटात त्याच्या बापाचं,
थेट होडीतून प्रथम उतरलेल्या कुणा चिडखोर माणसापर्यंत.
गणिताचा मास्तर थोरलाउकुर म्हणाला, "लिस्प घे.
यादीत यादी, तिच्यात यादी.
डोकं काढ, उरलेलं पुन्हा यादीच."
ती हसली. मासळीच्या कारखान्यात एकवीस वर्षं काढलेली बाई.
कॉडचं डोकं उडवलं की ते वाळून नायजेरियाला जातं,
पण उरलेल्याला पुन्हा डोकं फुटलेलं
तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"कुठली लिस्प?" तिनं विचारलं,
आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

पहिली एका फ्लॉपीत मावणारी, फुकटची.
चुकलं की एक ओळ छापायची
आणि सगळं गिळून पुन्हा दारात उभी,
ओळख नसल्यासारखी.

दुसरी थोरलाउकुरची लाडकी. नीटस, मोजकं बोलणारी.
लिहायची सोय मात्र नाही,
कुठला कंस कुठल्याचा ते बोटांवर मोजायचं.
स्वेनब्योर्ग टाके मोजायची तसे मोजायची
आणि अकराव्याला फोन वाजायचा.

तिसरी रेक्याविकच्या भाच्याकडून महिनाभर उसनी.
अमेरिकेतून आलेलं खोकं, तीन जाड पुस्तकं,
त्यातलं एक म्हणजे नुसती सूची.
किंमत महिन्याचा पगार, वर दोन मेगाबाइट मेमरी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण ही बया आधी अंथरूणच मागत होती.

तिन्हींना तिनं तीच यादी दिली,
तोच प्रश्न: याचा बाप कोण, त्याचा कोण, त्याचा कोण.
चारशे बाराव्या नावाशी गाडं अडलं.
क्रिस्त्रून योफ्रीदर्दोत्तिर. वडलांची थोरली बहीण.
आईचं नाव लावलेली. बापाच्या जागी वहीत
पेन टेकवून उचलल्याचा ठिपका.

पहिली तिथंच मेली.
दुसरीनं रिकामी यादी परत केली, )))) असं काहीसं,
आणि गप्प.
तिसरी थांबली.
म्हणाली, या नावाला बाप सापडत नाही.
एक, किंमत द्या. दोन, हे नाव सोडून पुढे जा.
तीन, मागे फिरा.
आणि खाली ती हिरवी खूण, लुकलुकत.

स्वेनब्योर्गनं चहा केला. प्यायला नाही.
सगळ्या गावाला माहीत होतं.
अंत्यविधीनंतरच्या स्वयंपाकघरात,
बशा विसळताना, पाण्याच्या आवाजाखाली
ते नाव दोनदा तिच्या कानावर आलं होतं.
पण आजवर कुणी तिला समोर बसवून
विचारलं नव्हतं.

तिनं एक दाबलं.
दीपगृहावरच्या एबेनेसेरचं नाव
एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

प्रोग्राम पुढे चालू लागला, जिथं थांबला होता तिथूनच,
चढणीवर कुणी दम खाऊन पुढे निघावं तसा.

"परवडली का?" थोरलाउकुरनं नंतर विचारलं,
सूर्य आला त्या दिवशी, पॅनकेकवर साखर भुरभुरवत.
"नाही," ती म्हणाली.
"मग?"
"चुकलं की ती विचारते."
त्यानं मान हलवली, त्याला पटलं नव्हतं.
मेमरीच्या चिपा अजून बोटीतच होत्या,
हप्ते चार उरलेले,
आणि मांजर आता गरम खोक्यावर झोपायचं.