नाक

तापातून उठली तेव्हा मालनचं नाक गेलं.
म्हणजे नाक जाग्यावर होतं, चमकीही होती,
वास तेवढा गेला.
डॉक्टर म्हणाले, येईल परत.
कधी, ते नाही म्हणाले.

या घराचा वास तिनं सांभाळलेला
जसं दुसरं कुणी सोनं सांभाळतं.
ओट्याच्या फडक्याला रोज उकळतं पाणी,
तांबड्या रश्श्यानंतर खिडक्या सताड आणि तव्यावर लवंगा,
कपाटात वाळ्याची जुडी,
मोरीत रात्री लिंबाची सालं.
गुरुवारी धूप, तोही कोपऱ्याकोपऱ्यात थांबून,
केर काढावा तसा.

आणि मी?
एकतीस वर्षं उद्यमनगरात, फौंड्रीत.
नाकात काळी वाळू, वर तापलेलं लोखंड.
नाकासमोर चालणारा माणूस,
नाकाचा उपयोग तेवढाच.

आता रोज सकाळी ती मला हाताला धरून घर हिंडवते.
"इथं?"
"बरा आहे."
"बरा म्हणजे कसला?"
कास्टिंगमधली चीर मी ठोकून, आवाजावरनं सांगायचो,
पण उशीच्या अभ्र्याला काय येतंय
ते कुठल्या शब्दात सांगू?
"घामट," म्हणतो.
"किती घामट?"
"परवापासूनचं."
ती अभ्रा काढते.

हळूहळू शिकलो.
रंकाळ्याकडनं वारा आला की शेवाळ, जलपर्णी,
आणि त्यात कुणाच्या तरी भेळेची चिंच.
बावड्याकडनं आला की मळी:
कारखाना चालू झाला, खिडकी लाव.
शमशादभाभी डंकावरनं चटणी घेऊन आली की
गल्लीच्या गल्ली शिंकते.
मालनही शिंकली, तेव्हा मी ओरडलो,
"बघ, आलं की परत!"
"ते तिखट आहे हो," डोळे पुसत म्हणाली,
"वास नव्हे."

एकदा खोटं बोललो.
महाद्वारातनं सोनचाफा आणलेला,
देठाशी काळा पडलेला, मला घरी आल्यावर दिसलं.
"घमघमतोय," म्हटलं.
ती बोटानं पाकळी दाबत राहिली.
केसांत माळला नाही, देवापुढं ठेवला नाही.
"उसनं नाक," एवढंच म्हणाली,
"तेही खोटं बोलायला लागलं."

मग एका रात्री, दिवा मालवल्यावर:
"दारातनं आत आल्या आल्या काय येतो हो आपल्याकडं?
पाहुण्याला येतो तो."
"मला काहीच येत नाही."
"तुम्हाला कसा येईल? तुम्ही घरचे."

म्हणून इचलकरंजीला गेलो, लेकीकडं, आठ दिवस.
वृषालीला वाटलं, बाबा भांडून आले.
जावयाच्या मागांचं तेल, सुताची पूड, सायझिंगची खळ,
सगळं नाकात नीट भरून घेतलं.
नवव्या दिवशी, तिन्हीसांजेला परतलो.
किल्ली खिशात असून बेल वाजवली.
दार उघडलं तसे डोळे मिटले.

दोनच श्वास मिळतात.
तिसऱ्याला घर तुम्हाला ओळखतं.

हिंग. कापूर. वाळा.
ओलं पोतं, खाली कुठंतरी.
आणि या सगळ्याच्या मागं,
दाराजवळच्या खुंटीपाशी,
काळं, जळकं:
वाळू आणि लोखंड.

सांगितलं तसा तिनं कपाळावर हात मारून घेतला.
"अजून गेलं नाही ते?
एकतीस वर्षं सोडा घालतेय मी!
कुठं येतंय, दाखवा."
खुंटी दाखवली. रिकामी.
रिटायर झाल्यापासून तिला फक्त बाजाराची पिशवी असते.
सवयीनं ती गेली,
भिंतीला नाक लावलं,
आणि लावून तशीच उभी राहिली.
बराच वेळ.
मी काही विचारलं नाही.

तेवढ्यात आतनं आला,
आणि या वेळी शब्द शोधावा लागला नाही.

"दूध," मी म्हणालो.