सहा-तीन

स्कोअरच्या वहीत माणसांना नावं नसतात.
शॉर्टस्टॉप म्हणजे सहा, पहिला बेस म्हणजे तीन.
मी सहा होतो. फिलिप उजागरे तीन.
मी उचलून फेकायचं, त्यानं झेलायचं,
आणि वहीत पेन्सिलीनं एवढंच : ६-३.
गडी बाद.

फेक कशी होती, ते वहीत येत नाही.

दापोडीच्या वर्कशॉपनं त्याला खेळाडू म्हणून घेतलं,
हेल्पर, सव्वाआठशे रुपये,
दुपारी दोननंतर मैदानावर जायची मुभा.
बोपोडीत लोक विचारायचे, तू नक्की करतोस काय?
उभा राहतो, म्हणायचा.
एक पाय पिशवीवर ठेवून उभा राहतो.
आणि ह्याचे पैसे देतात?
देतात. उशिरा देतात.

शाळेत बाईंनी डाव्या हातावर पट्टी मारमारून
त्याच्याकडून उजव्यानं बाराखडी काढून घेतली होती.
अख्ख्या पुण्यात ही नव्वद फुटांवरची एकच जागा,
जिथं डावरं असणं कामाला आलं.
डावऱ्याचा मिट मेरठहून मागवावा लागे.
तीन महिने वाट, मग व्हीपी सोडवायला उसनवारी,
मग खोबरेल तेल, आत चेंडू, वरून परकराची नाडी,
आणि रात्रभर गादीखाली.
बायको म्हणायची, माझ्या मानेला कधी तेल लावलं नाहीस.

मी घाईचा माणूस.
माझ्या फेकी जमिनीत घुसायच्या, नाहीतर
थेट पंचाच्या टोपीकडे निघायच्या.
तो लांब व्हायचा. दुसरा शब्द नाही ह्याला.
पायाचा अंगठा पिशवीला चिकटलेला,
आणि बाकी सगळा फिलिप
वाळत घातलेल्या धोतरासारखा माझ्याकडे ताणलेला.
मातीतून चेंडू असा उचलायचा,
जणू मी तो तिथंच ठेवणार होतो.

एकोणीस हंगाम.
झेलमच्या दारात, किटबॅगांवर बसून उत्तरेला जायचं,
हरून यायचं, कधी जिंकून यायचं,
पेपरात खो-खोच्या खाली दोन ओळी,
त्यातही एकदा बास्केटबॉल छापलेलं.
ते कात्रण त्यानं जपून ठेवलंय.

रोहतकची फायनल मात्र सांगायला हवी.
शेवटचा गडी, सरळ माझ्याकडे आलेला चेंडू,
लहान पोरानं फेकला असता असा.
मी तो त्याच्या डोक्यावरून दोन हात उंच मारला.
आमच्या अंगावरून दोन धावा गेल्या.
स्कोअररनं पेन्सिल ओली केली, चूक सहाची लिहायला.
फिलिप कुंपणापाशी जाऊन म्हणाला,
माझ्या मिटला लागला होता. तीनची लिहा.
नव्हता लागला.
परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत मी गप्प.
भुसावळला त्यानं केळी घेतली,
सहा दिली मला, तीन स्वतः खाल्ली,
आणि स्वतःच्याच विनोदावर मनमाडपर्यंत हसला.

अडतिसाव्या वर्षी गुडघा गेला.
रेंजहिल्सचा एक उंच पोरगा आला त्याच्या जागी.
त्याला पाय कुठं ठेवायचा हे शिकवलं,
म्हणजे किती ठेवायचा :
पावलाची कड, सगळं पाऊल नाही,
नाहीतर धावणारा घोट्यावर चढतो.
मिट दिला नाही. पोरगा उजवा होता.

आता मी विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर.
रात्री नऊला खालच्या ग्रिलला कुलूप पडतं,
चेअरमन ऐकत नाहीत.
फिलिप येतो, खालून शीळ घालतो,
मी गॅलरीतून किल्ली फेकतो, रुमालाशिवाय.
काल फारच वाकडी गेली, कर्दळीकडे.
त्रेसष्ट वर्षांचा माणूस,
एक पाय पायरीच्या कडेला टेकवून, लांब झाला.

किल्ली वाजल्याचा आवाज आला नाही.
वर येऊन धापा टाकत म्हणाला,
अजून खांदा उघडत नाहीस तू.
मग म्हणाला, चहा.