चौदा नंबरचा माग

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये कॅमेरा बसला
त्याआधी तीन महिने मी त्याचा मास्तर होतो.
टॉवेलचा फोटो समोर यायचा,
कोपऱ्यात शाईने मागाचा नंबर,
मी बटण दाबायचो: पास. छाट. पास. पास.
बावीस हजार फोटो.
फोटोमागे चाळीस पैसे, वर चहा.

तुटका ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग,
एकतीस वर्षं बोटांना जे कळत आलं
ते डोळ्यांनी सांगायचं, एवढंच.

सहा नंबरवर नरसय्या चिलका.
डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता,
मालात धागे निसटायचे.
मी पास म्हणायचो. महिनाअखेरीला जरा जास्तच.
पुण्याहून आलेली मुलगी स्क्रीन बघून म्हणाली,
काका, इथे तुमचं एकसारखं नाहीये.
दोष तोच, पण कधी पास, कधी छाट.
याला आम्ही गोंगाट म्हणतो. काढून टाकते.
नरसय्याला दिलेली सगळी माफी
एक चहा संपायच्या आत पुसली गेली.

चौदा नंबरचं तिने काही विचारलं नाही.
चौदावर तेव्हा अंबादास गज्जम.
विडी घरकुलात आमची भिंत एक, मोरी एक,
आणि सांडपाण्यावरून नऊ वर्षं बोलणं बंद.
त्याचा माल मी छाटायचो,
डाग असो नसो.
दरवेळी. न चुकता.
ते एकसारखं होतं ना,
म्हणून राहिलं.

अंबादास दिवाळीत लेकीकडे भिवंडीला गेला तो गेलाच.
चौदावर आता शेळगीचा इरण्णा, एकवीस वर्षांचा.
हात इतका साफ
की त्याच्या किनारीवरून मी उगीच दोनदा बोट फिरवतो.
पण कोपऱ्यात चौदा दिसला
की कॅमेऱ्याचा दिवा लाल.
पगार कापला गेला तेव्हा पोरगा मालकाकडे गेला.
मालक हसले,
मशीनला कुणाशी वैर असतं का रे?

मी तिथंच होतो. गठ्ठे मोजत.

माझ्याशी निदान भांडता यायचं.
अंबादास गेटवर माझी गचांडी धरायचा,
तेलुगूत माझी सात पिढ्यांची छाननी करायचा.
या काचेच्या डोळ्याची गचांडी
कुठून धरायची?

शनिवारी पुण्याला फोन लावला.
म्हटलं, बाई, त्यात एक चूक राहिलीय. माझी.
ती म्हणाली, कितव्या फोटोत, काका?

आकडा काय सांगणार.
मी मोरीपासून सुरुवात केली.