टर्न मोजताना

कमाल चौकात माझं दुकान. मोटर रिवाइंडिंग.
बहुतेक कूलरच्या, उन्हाळ्यात तर नुसत्या कूलरच्याच.
साच्यावर तांब्याची तार, एकेक टर्न,
एकशे बत्तीस म्हणजे एकशे बत्तीस.
कमी पडले तर मोटर तापते,
जास्त झाले तर फिरते, पण हवा फेकत नाही.
हे मला कळतं. औषधातलं काही कळत नाही.

धंतोलीत खानोरकर मॅडमनी
संबोधीच्या वह्या बाजूला सारल्या,
मला विचारलं, "घरात कोणाला हार्टचं काही?"
मी नाही म्हणून मोकळा झालो.
बायको हळूच म्हणाली, "मिलिंदभाऊजी."

चौतीस वर्षांचा होता.
पाचपावलीच्या पुलावर स्कूटर आडवी, चाक फिरतच होतं.

त्या दिवशी गोळी मिळाली नाही.
आधी ईसीजी, मग दुसऱ्या डॉक्टरकडे इको.
नऊ वर्षांच्या बरगड्यांवर गार जेल,
पडद्याकडे बघून ती विचारते,
"हे थकत नाही काहो बाबा?"
मी टाइल्स मोजत होतो.

सगळं ठीक निघालं. मग चिठ्ठी, दोन प्रतींत.
मेडिकलवाल्यानं वेगळ्या कपाटाचं कुलूप काढलं,
एक प्रत ठेवून घेतली, रजिस्टरात नाव लिहिलं.
मागून आमचा वासनिक म्हणतो,
"कुलपातली गोळी लेकराला? काहून बे, नशेची असते ते."
रात्री स्ट्रिप हातात धरून बसलो.
मॅडमला फोन लावला, दहा वाजता, लाज सोडून.
त्या म्हणाल्या, "कुलूप चुकीच्या हातांसाठी असतं, रंगारी.
तुम्ही वेळेवर द्या, मोजून द्या, वर ठेवा. मला दाखवत राहा."

चौथ्या दिवशी तिनं एक पान पूर्ण केलं.
भागाकाराचं. शेवटच्या ओळीपर्यंत.
म्हणाली, "आज पंख्याचा आवाज मागे बसला होता,
बाईंचा पुढे."

आणि डबा तसाच परत. भेंडी, दोन पोळ्या, घडीसकट.
रात्री साडेनऊला मात्र भूक अशी,
की उरलेला भात उभ्यानं.
म्हणून आता गोळीच्या आधी नाश्ता,
दोन अंडी, पोहे, दूध, भांडून भांडून.
दर भेटीला दंडावर बीपीचा पट्टा, नाडी,
वजन साडेतेवीस, तेवीस, पुन्हा तेवीस,
दारावर पेन्सिलची रेघ.
रेघ सरकली की बायको मला हाक मारते, हातात लाटणं.

मध्ये डोस वाढवला.
शाळेतून फोन, "फारच छान बसते हो आता."
मला ते छान सोसलं नाही.
नखाजवळची कातडी सोलत बसायची,
अख्ख्या रविवारात एक प्रश्न नाही.
मी मॅडमना म्हटलं, मोटर चालू आहे, हवा येत नाही.
त्या हसल्या, मग हसणं थांबवून लिहून घेतलं,
डोस खाली आणला.
म्हणाल्या, "पोर शांत करायची नाहीये आपल्याला."
मग पेन ठेवून, "तुम्ही कसे होता लहानपणी?"

काय सांगणार.
मी बाकावर उभा असायचो, रोज.
तिथून खिडकीबाहेरचं बरं दिसायचं.

साडेपाचला गोळी उतरते.
तेव्हा चप्पल उलटी पडली म्हणूनही रडू येतं,
अर्धा तास. तेवढा अर्धा तास कोणी तिला काही म्हणायचं नाही,
असं घरात ठरलंय.
मग ती दुकानात येते, स्टुलावर चढते,
तांबं लाल का, वीज तारेतून सांडत का नाही,
मिलिंदकाका पुलावर कुठे चालला होता.

शहाण्णव, सत्त्याण्णव,
पुलावर कुठे चालला होता, खरंच?
मी तिच्याकडे बघतो.
तार बोटांत. आकडा गेला.

पूर्ण उकलतो.
एक.