तिरक्या रेघेनंतर

वाळवी लागली म्हणून बोलावलं त्यांनी मला.
फोर्टातलं कथीड्रल, वेस्ट्रीमागची खोली,
लोखंडी कपाट, किल्ली हरवलेली,
कडी सुतळीनं बांधलेली.
क्लार्क म्हणाला, तुमच्या वडिलांनीच लावल्यात ना या फायली,
बघा तुम्हीच, काय ठेवायचं, काय जाळायचं.

एकोणीसशे एक्कावन ते अठ्ठावन.
आलेली पत्रं जाड कागदावर, गेलेल्यांच्या नकला
कांद्याच्या पापुद्र्यावर, कार्बनच्या निळ्या सावलीत.
बिशप सही करताना आधी क्रूस काढतो,
मग बाप्तिस्म्याचं नाव,
आणि आडनावाच्या जागी: बॉम्बे.
गोद्या, गिरण्या, भायखळ्याची आमची खोली,
सगळं त्याच्या आडनावात.

आर्चडीकन थर्लबी त्याला कळवतात
की ऑर्गनच्या नळ्या दमटपणानं बिघडल्यात,
एक स्वर जुलैपासून दाबला की सुटतच नाही.
की नाशिकचे पाळक फार लांब पत्रं लिहितात.
की मराठी उपासना सकाळी सातला, बाजूच्या वेदीवर घ्यावी,
म्हणजे अकराच्या मंडळींना खुर्च्या स्वच्छ मिळतील.
बिशपचं उत्तर दोन ओळींचं:
खुर्च्यांचं पटतं.
कारण मात्र कुठे लिहू नका.

पत्रांवर तारखेऐवजी कधी कधी
त्रैक्यानंतरचा चौदावा रविवार.
दोघं एकमेकांना फार जपून दुखावतात.
माझ्या प्रिय आर्चडीकन, या एवढ्याशा मायन्यात
मुंबईत कधी पडली नाही एवढी थंडी.

आणि प्रत्येक नकलेच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात,
जी. टी., मोठ्या अक्षरांत,
मग तिरकी रेघ,
मग बारीक अक्षरांत डी. आर.
देवदान रणपिसे, मूळ राहणार नगर,
मिनिटाला पासष्ट शब्द.
घरी एवढंच म्हणायचे, साहेबांचं इंग्रजी फार स्वच्छ आहे.

लेंटच्या आधीचं एक पत्र. सन चोपन्न.
ऑर्गन पुन्हा. मेणबत्त्यांचा भाव.
मग, जाता जाता:
टायपिस्टची बायको बाळंत व्हायची आहे.
त्यानं आठ दिवस मागितले, मी दोन दिले.
माणूस समजूतदार आहे.

हे त्यांनी आधी शॉर्टहँडमध्ये घेतलं असणार,
मान खाली, पेन्सिलच्या आकड्या काढत,
मग मशीनवर बसून स्वतःची रजा
स्वतःच्या बोटांनी कापली असणार.
खाडाखोड नाही. एक अक्षर वरखाली नाही.
फक्त दोन दिले यानंतरचा पूर्णविराम
कागदातून आरपार गेलाय.
मी नकल खिडकीशी धरली,
त्या भोकातून उन्हाचा एक ठिपका
माझ्या मनगटावर पडला, घड्याळाच्या पट्ट्याशी.

मी तिसऱ्या दिवशी जन्मले.

क्लार्क चहा घेऊन आला. काय करायचं?
म्हटलं, ऑर्गनचं ठेवा. खुर्च्यांचं नक्की ठेवा.
हेही.
त्यानं कॉम्प्युटरवर यादी केली, सत्तेचाळीस पत्रं,
खाली माझं नाव घातलं, तपासणार म्हणून.
मी विचारलं, आणि तुमचं?
तो प्रिंटरकडे बघत होता.
म्हणाला, आमचं कशाला लागतंय मॅडम.